मशीन आहे, माणूस नाही: एक्स-रे, सीटी, एमआरआयच्या तंत्रज्ञांविषयी वाचकांचे प्रश्न

एक्स-रे, सीटी आणि एमआरआय काढणाऱ्या तंत्रज्ञांची चणचण या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना इथे उत्तरे दिली आहेत. उत्तरे ज्येष्ठ क्ष-किरण तंत्रज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट यांनी मिळून लिहिली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या ग्रामीण रुग्णालयात नवे डिजिटल एक्स-रे मशीन आले आहे. पण एक्स-रे आठवड्यातून चारच दिवस निघतो. बाकीच्या दिवशी ‘टेक्निशियन नाही’ म्हणून जिल्ह्याच्या गावी पाठवतात. मशीन तर चालू स्थितीत आहे. मग तिथल्या सिस्टरांनी बटण दाबले तर काय बिघडते? (वाचक, नंदुरबार जिल्हा)

आधी चार दिवसांचा हिशेब पाहू. तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात बहुधा तंत्रज्ञाचे एकच पद असते. वर्षाचे ३६५ दिवस. त्यातून ५२ साप्ताहिक सुट्या, साधारण २० सार्वजनिक सुट्या, ८ किरकोळ रजा आणि ३० अर्जित रजा वजा केल्या की उरतात २५५ दिवस. ओपीडी मात्र २९३ दिवस चालते. म्हणजे पद भरलेले असले आणि माणूस एकही दिवस आजारी पडला नाही, तरी ३८ दिवस एक्स-रेची खोली बंद राहणार. आता शेजारच्या तालुक्यातले पद रिकामे असेल, तर याच माणसाला आठवड्यातून दोन दिवस प्रतिनियुक्तीवर तिकडे पाठवतात. मग तुमच्याकडे वर्षाचे १७० दिवस उरतात. तुम्हाला दिसणारे चार दिवस बहुतेक असेच आलेले आहेत. त्या तंत्रज्ञावर रागावू नका. तो दोन रुग्णालये एकटा सांभाळत असण्याची शक्यता मोठी आहे.

चोवीस तास एक्स-रे चालू ठेवायचा तर वर्षाचे ८,७६० तास भरावे लागतात. एका माणसाचे २५५ दिवस गुणिले ८ तास म्हणजे २,०४० तास. भागाकार येतो ४.३. आजारपण आणि प्रशिक्षण धरले, तर एका खोलीला पाच माणसे लागतात. मशीनच्या खरेदीचा प्रस्ताव करताना हा भागाकार कुणी करत नाही. दुखण्याचे मूळ आम्हाला तिथेच दिसते.

आता सिस्टरांविषयी. अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी, क्ष-किरण यंत्रांना परवाना देते आणि यंत्र पात्र तंत्रज्ञाने चालवावे ही त्यांच्या सुरक्षा संहितेतली अट आहे. सिस्टरांनी बटण दाबले तर नियम मोडतो. शिवाय बटण हा या कामाचा सगळ्यात छोटा भाग आहे. कोणते दृश्य घ्यायचे, ट्यूब किती अंतरावर, किरणांचा चौकोन केवढा, श्वास कधी रोखायचा, हे सगळे बटणाच्या आधी ठरते.

तुम्ही करण्यासारखे एक काम आहे. रुग्णालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून थोडक्यात विचारा : क्ष-किरण तंत्रज्ञाची मंजूर पदे किती, भरलेली किती, कंत्राटी किती, गेल्या बारा महिन्यांत प्रतिनियुक्तीचे दिवस किती, आणि प्रत्यक्ष एक्स-रे निघालेले दिवस किती. शेवटचे दोन आकडे सर्वात महत्त्वाचे, कारण कागदावर पद ‘भरलेले’ दिसते. ते आकडे घेऊन रुग्ण कल्याण समितीकडे आणि जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जा. नुसत्या ‘टेक्निशियन द्या’ या निवेदनापेक्षा ‘वर्षात १२३ दिवस खोली बंद होती’ हे वाक्य टाळणे अवघड जाते. आणि तोवर निदान एक्स-रेचे वार बाहेरच्या फलकावर लिहायला लावा. हाड मोडलेला माणूस भाडे खर्चून येतो आणि परत जातो, हे तरी टळेल.

प्रश्न : माझे तालुक्याच्या गावी २५ खाटांचे रुग्णालय आहे. दोनपैकी एक टेक्निशियन सोडून गेला. जाहिरात देऊनही कुणी येत नाही. रात्री आमचा जुना वॉर्डबॉय एक्स-रे काढतो. कंपनीच्या माणसाने त्याला मशीन शिकवले आहे. फिल्म चांगल्या येतात. हे चालेल का? (डॉक्टर, सांगली जिल्हा)

नाही, चालणार नाही. कंपनीचा माणूस जे शिकवतो ते त्या मशीनचे मेनू. ते प्रशिक्षण आधीच पात्र असलेल्या माणसासाठी असते. परवान्याच्या अटींचा भंग होतो हे आहेच. शिवाय उद्या एखाद्या रुग्णाने तक्रार केली, तर ‘एक्स-रे कुणी काढला’ या पहिल्याच प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नसेल.

पण ‘फिल्म चांगल्या येतात’ या वाक्यावर थांबायला हवे. डिजिटल मशीनमध्ये फिल्म जवळजवळ नेहमीच चांगली दिसते. पूर्वीच्या फिल्मवर एक्सपोजर जास्त झाले की ती काळी पडायची आणि चूक लगेच कळायची. आता संगणक प्रतिमा सावरून घेतो. एक्सपोजर कमी पडले तर प्रतिमा दाणेदार होते आणि डॉक्टर तक्रार करतात. जास्त झाले तर कुणीच काही बोलत नाही. मग न शिकलेला माणूस हळूहळू एमएएस (किरणांचे प्रमाण ठरवणारा आकडा) वाढवत नेतो आणि रुग्णांना गरजेपेक्षा जास्त किरणे मिळत राहतात. प्रत्येक प्रतिमेसोबत एक्सपोजर इंडेक्सचा, म्हणजे डिटेक्टरवर किती किरणे पडली ते सांगणारा, आकडा येतो. गेल्या महिन्यातल्या रात्रीच्या आणि दिवसाच्या छातीच्या एक्स-रेचे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा.

दुसरे म्हणजे छातीचा पीए, म्हणजे किरणे पाठीकडून सोडून काढलेला, एक्स-रे तपासा. ट्यूब आणि डिटेक्टरमधले अंतर १८० सेंटिमीटर हवे. खांदे पुढे वळवलेले हवेत, म्हणजे फऱ्याची हाडे फुप्फुसांवर येत नाहीत. श्वास पूर्ण भरून रोखलेला हवा : छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या वर मागच्या नऊ-दहा फासळ्या मोजता आल्या पाहिजेत. दोन्ही गळपट्टीच्या हाडांची आतली टोके मणक्याच्या मधल्या रेषेपासून सारख्या अंतरावर हवीत. श्वास अर्धवट असेल तर हृदय मोठे आणि फुप्फुसाचा तळ पांढुरका दिसतो, निरोगी माणसाला न्यूमोनियाचे औषध सुरू होते. रुग्ण जरा वळलेला असेल तर श्वासनलिका सरकल्यासारखी वाटते. झोपवून काढलेल्या एपी (किरणे समोरून सोडलेल्या) एक्स-रेत हृदय मोठेच दिसते, आणि ‘एपी, झोपून’ असे त्यावर लिहिलेले नसेल तर वाचणारा फसतो. लहान मुलांच्या एक्स-रेत आणखी एक गोष्ट बघा. प्रतिमा छातीपुरती दिसते, पण मूळ न कापलेली प्रतिमा उघडली की कधी कधी डोक्यापासून मांडीपर्यंत मूल दिसते. किरणांचा चौकोन आधी लहान करायचा सोडून नंतर संगणकावर कडा कापल्या, म्हणजे त्या मुलाच्या सगळ्या अंगाला विनाकारण किरणे लागली. उजवे-डावे दाखवणारी आर-एलची शिशाची खूणही एक्सपोजरच्या आधी ठेवायची असते, नंतर माऊसने टाकायची नसते.

मग एका तंत्रज्ञावर निभवायचे कसे? रात्रीच्या एक्स-रेंची तीन महिन्यांची नोंद काढा. आमच्या पाहण्यात, रात्री अकरा ते सहा या वेळात खरोखर थांबू न शकणारे एक्स-रे थोडे असतात. बाकीचे सकाळी सातला निघाले तरी उपचार बदलत नाही. सकाळी सात ते दुपारी तीन अशी पाळी, संध्याकाळी ठरावीक दोन तास आणि रात्री कॉलवर, प्रत्येक कॉलचे वेगळे पैसे आणि कॉल झाला तर दुसऱ्या दिवशी उशिरा येण्याची मुभा. गावातल्या दोन-तीन रुग्णालयांनी मिळून कॉलची पाळी लावली तर प्रत्येकाला आठवड्यात दोन ते चारच रात्री येतात. अशा माणसाचे नाव प्रत्येक संस्थेच्या परवान्याच्या नोंदीत आणि किरणमापनाच्या व्यवस्थेत रीतसर घ्यावे लागते. एईआरबीच्या ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीत, सोडून गेलेल्याचे नाव काढून नव्याचे घालायचे राहून जाते. ते आजच करा. वॉर्डबॉयला खोलीबाहेरच्या मदतीसाठी ठेवा : रुग्ण आणणे, मंगळसूत्र, ताईत, सेफ्टीपिना काढून ठेवायला सांगणे, कागद तपासणे. एवढ्यानेही तंत्रज्ञाची दर रुग्णामागे दोन मिनिटे वाचतात.

आणि माणूस का सोडून गेला, हे त्यालाच विचारा. आम्ही अनेकांशी बोलतो. पगाराच्या बरोबरीने तीन कारणे येतात : ठरलेली साप्ताहिक सुटी मिळत नाही, रिसेप्शनपासून जनरेटरपर्यंतची कामे गळ्यात पडतात, आणि पाच वर्षे राहिले तरी पदनाम तेच राहते. यातली पहिली दोन आजच सुधारता येतील.

प्रश्न : मी कंत्राटी टेक्निशियन आहे. रात्री एक्स-रे आणि सीटी दोन्ही एकटाच पाहतो. बॅज दिलेला नाही. जुन्या माणसाचा वापर म्हणतात. कॉन्ट्रास्टचे सीटीही करावे लागते. किती काम म्हणजे जास्त काम? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

आधी बॅज. अंगाला किती किरणे लागली ते मोजणारा टीएलडी बॅज हा व्यक्तीच्या नावाचा असतो. दुसऱ्याचा वापरला तर तुमची नोंद त्याच्या खात्यात जाते आणि तुम्ही कागदावर कधी किरणांच्या कामात नव्हताच असे ठरते. बॅज दर तीन महिन्यांनी बदलतो, छातीवर, शिशाच्या एप्रनच्या आत लावायचा असतो, आणि काम संपल्यावर यंत्राच्या खोलीत लटकवून ठेवायचा नसतो. वार्षिक मर्यादा सलग पाच वर्षांच्या सरासरीने २० मिलिसिव्हर्ट (किरणांच्या मात्रेचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट आहे. कंत्राटी असलात तरी हा नियम तुम्हालाही तेवढाच लागू आहे. बॅजची मागणी लेखी द्या आणि पोच घ्या. नोकरी बदलताना जुन्या ठिकाणची मात्रेची नोंद मागून घ्या.

कामाचा भार मिनिटांत मोजा. नाव पुकारणे, ओळख पटवणे, दागिने उतरवणे, उभे करणे, एक्सपोजर, प्रतिमा तपासणे, पुढे पाठवणे हे सगळे धरून छातीच्या एका एक्स-रेला सहा-सात मिनिटे लागतात. साठ छाती म्हणजे सात तास. आठ तासांच्या पाळीत जेवायला आणि कागदांना एक तास उरला. मणक्याच्या किंवा अपघाताच्या रुग्णाला पंधरा मिनिटेही पुरत नाहीत. एका वहीत दर पाळीला चार रकाने ठेवा : रुग्ण, प्रतिमा, पुन्हा काढलेल्या प्रतिमा, आणि पुन्हा काढण्याचे कारण. पुन्हा काढण्याचे प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास असेल तर ठीक. दहाच्या वर गेले तर कारण शोधायला हवे. पाळीच्या शेवटच्या दोन तासांत ते वाढत असेल, तर ती थकव्याची लेखी नोंद आहे. ‘काम जास्त आहे’ यापेक्षा ही वही वरिष्ठांपुढे ठेवणे परिणामकारक ठरते.

कॉन्ट्रास्टचे, म्हणजे प्रतिमा स्पष्ट यावी म्हणून शिरेतून औषध देऊन काढायचे, सीटी एकट्याने करू नका. इथे आम्ही ठाम आहोत. गंभीर ॲलर्जी बहुधा पहिल्या वीस मिनिटांत येते. त्या वेळी डॉक्टर इमारतीत, हाक पोहोचेल इतक्या जवळ हवा, आणि ट्रॉलीवर ॲड्रेनलिन, ऑक्सिजन, सक्शन तयार हवे. मोठ्या माणसाला ॲड्रेनलिन १:१००० चे अर्धा मिलिलिटर मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत देतात; ते देण्याचा निर्णय डॉक्टरांचा. त्या मिनिटाला तुम्ही कन्सोलवर असाल आणि दुसऱ्या खोलीत एक्स-रेचा रुग्ण टेबलावर असेल, तर दोघेही धोक्यात आहेत. इंजेक्टरने वेगाने औषध द्यायचे असेल तर सुई १८ किंवा २० गेजची, शक्यतो कोपरापाशी, आणि आधी सलाईन ढकलून पाहिलेले. शिरेबाहेर गेलेले औषध हाताला सूज आणते आणि ते कळायला रुग्णाजवळ कुणीतरी उभे असावे लागते.

एमआरआय असलेल्या ठिकाणी माणूस कमी पडला तर परिणाम आणखी वाईट होतात. जानेवारी २०१८मध्ये मुंबईतल्या एका पालिका रुग्णालयात रुग्णाचा नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला आणि त्यात त्याचा जीव गेला. मशीन बंद आहे, असे त्याला सांगितले गेल्याचे तेव्हा समोर आले होते. एमआरआयचा सुपरकंडक्टिंग चुंबक स्कॅन चालू नसतानाही चालूच असतो, रात्रीही आणि सुटीलाही. ते माहीत असलेला माणूस दाराशी हवा. दाराशिवाय दुसरी कोणतीही जबाबदारी त्या वेळी त्याच्यावर नको.

प्रश्न : मुलगी बारावी विज्ञान झाली. नोकरी लगेच मिळते म्हणून ‘एक्स-रेचा कोर्स’ सुचवतात. एक संस्था सहा महिन्यांत प्रमाणपत्र देते. नातेवाईक रेडिएशनची भीती घालतात, पुढे मूल होणार नाही म्हणतात. काय करावे? (पालक, अहिल्यानगर)

सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रावर पैसे घालू नका. २०२१च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय कायद्यात किमान पदविका दोन हजार तासांची, दोन ते चार वर्षांत पसरलेली धरली आहे. पदवी ३,६०० तासांची, तीन ते सहा वर्षांची. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी (पॅरावैद्यक तंत्रज्ञानाची पदवी) हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यानंतर इंटर्नशिप असा आहे. संस्थेत गेल्यावर एवढे विचारा : महाराष्ट्र पॅरावैद्यक परिषदेत नोंदणी होते का; सराव कोणत्या रुग्णालयात, तिथे रोज किती एक्स-रे आणि सीटी होतात; आणि एका यंत्रामागे किती विद्यार्थी. शेवटचा प्रश्न फार कुणी विचारत नाही. तीस विद्यार्थी काचेमागून बघत असतील, तर पदविका मिळेल, हात बसणार नाही. तंत्रज्ञ कमी पडण्यामागे शिकवायला जागा आणि अनुभवी माणसे कमी असणे हेही मोठे कारण आहे.

सोनोग्राफीचे आश्वासन कुणी देत असेल तर सावध व्हा. इंग्लंड-अमेरिकेत तंत्रज्ञ सोनोग्राफी करतात. आपल्याकडे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४च्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे ती पात्र, नोंदणीकृत डॉक्टरच करू शकतात.

किरणांची भीती आकड्यांनी बघा. छातीच्या एका एक्स-रेत रुग्णाला सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट मिळतात. निसर्गातून माणसाला वर्षाला जगाच्या सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. तंत्रज्ञ एक्सपोजरच्या वेळी काचेमागे असतो. नीट बांधलेल्या खोलीत त्याची वर्षभराची मात्रा बहुधा १ मिलिसिव्हर्टच्या आत राहते. एवढ्या मात्रेने मूल होण्यात अडचण येत नाही. गरोदरपण कळवल्यावर पोटातल्या बाळासाठी उरलेल्या काळाची मर्यादा १ मिलिसिव्हर्ट आहे, आणि त्या काळात फ्लुरोस्कोपी (सलग चालणारा एक्स-रे) किंवा पोर्टेबलऐवजी कन्सोलचे काम मागता येते. काळजी करण्यासारखी जागा वेगळी आहे : वॉर्डातले पोर्टेबल, ऑपरेशन थिएटरमधले सी-आर्म हे फिरते एक्स-रे यंत्र, आणि रुग्णाला धरून उभे राहण्याची सवय. तिथे एप्रन आणि दोन मीटर अंतर. अंतर दुप्पट केले की मात्रा चौथाईवर येते.

प्रश्न : आता एआय एक्स-रे वाचते आणि रिपोर्ट दूरच्या शहरातून येतो. मग तंत्रज्ञांची टंचाई आपोआप संपेल ना? (वाचक, ठाणे)

संपणार नाही, कारण ही दोन्ही साधने डॉक्टरांच्या वाचनाची चणचण भागवतात. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१मध्ये, १५ वर्षांवरील लोकांच्या क्षयरोग तपासणीत छातीचा एक्स-रे वाचायला संगणक वापरण्यास मान्यता दिली. डिसेंबर २०२४पासूनच्या शंभर दिवसांच्या क्षयरोग मोहिमेत हातात धरायची एक्स-रे यंत्रे गावोगावी गेली. दोन्ही चांगली पावले आहेत. पण यंत्र गावात गेले की त्यासोबत माणूस लागतो, आणि अर्धा श्वास भरलेला एक्स-रे एआयलाही चुकवतो. सीटी-एमआरआयचा कन्सोल शहरातून चालवण्याची सोय झाली आहे, तरी रुग्णाला टेबलावर घेणे, शरीरात पेसमेकर आहे का विचारणे आणि सुई लावणे हे त्याच खोलीत करावे लागते.

प्रश्न : आठ वर्षांचा अनुभव आहे. ब्रिटनमध्ये रेडिओग्राफरची गरज आहे असे ऐकतो. एजंट तीन लाख मागतो. द्यावेत का? (वाचक, पुणे)

देऊ नका. नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेणे तिथल्या आंतरराष्ट्रीय भरतीच्या आचारसंहितेत बसत नाही. गरज खरी आहे : इंग्लंडमधल्या निदानसेवांच्या ऑक्टोबर २०२०च्या अहवालाने आणखी ४,००० रेडिओग्राफर आणि २,००० रेडिओलॉजिस्ट लागतील असे म्हटले होते. ‘रेडिओग्राफर’ हे तिथे कायद्याने राखीव पदनाम आहे, त्यामुळे आधी एचसीपीसी या नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे नोंदणी करावी लागते. अर्ज तुम्ही स्वतः ऑनलाइन करू शकता. आयईएलटीएस अकॅडमिक या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण ७ आणि कोणत्याही भागात ६.५ पेक्षा कमी नाही, एवढे गुण लागतात. तुमच्या अभ्यासक्रमाचा विषयवार तपशील आणि प्रत्यक्ष कामाचे वर्णन तपासले जाते. आपल्याकडचे अर्ज अडकतात ते बहुधा इथे : ‘एक्स-रे आणि सीटी काढले’ एवढेच लिहिलेले असते. कोणत्या तपासण्या, आठवड्याला किती, मात्रा कमी करण्यासाठी काय करता, चुकीची विनंती आली तर कुणाला विचारता, प्रतिमेत गंभीर काही दिसले तर कसे कळवता, हे एकेका उदाहरणासह लिहा. सुरुवात बहुधा एनएचएस या तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या बँड ५ या वेतनश्रेणीपासून होते, आठ वर्षांचा अनुभव असला तरी. सध्याच्या रुग्णालयाच्या लेटरहेडवरचे कामाचे पत्र राजीनाम्याआधी घ्या; नंतर ते मिळवायला महिने जातात.